सिटी व्हीटेकचा ब्लॉक, तीनशेचं टार्गेट आणि स्लीव्ह टाकायची का नाही

गाडी टोइंगवरनं आली ती रविवारी रात्री साडेअकराला. पांढरी होंडा सिटी, जुनी ओएचसी व्हीटेक, दीड लिटर, कंपनीतनं १०६ बीएचपीची. ह्या पोरानं तीन वर्षांमागं तिला टर्बो लावला, फोर्ज्ड पिस्टन आणि रॉड टाकले, ०.९ बार बूस्टवर, म्हणजे टर्बोच्या तेवढ्या जादा हवेच्या दाबावर, पुण्यात डायनोला, म्हणजे पॉवर मोजायच्या यंत्रावर, चाकावर १८० निघाले होते. निपाणीच्या पुढं तवंदी घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये दाबली आणि एकदम तीन सिलेंडरवर चालायला लागली, मागं पांढरा धूर, पाण्याची बाटली उकळून बॉनेटभर पाणी. पोरगा कोल्हापूरजवळ शिरोलीला एका फौंड्रीत क्वालिटीला आहे, गाडीवर जीव आहे त्याचा, पगारातनं एकेक पार्ट घेऊन ही गाडी उभी केलीय. टोइंगवाल्याचे पैसे द्यायच्या आधी त्यानं मला सांगितलं, "दादा, आता एकदाच ब्लॉकला स्लीव्ह टाकूया आणि तीनशे काढूया, परत परत उघडायला नको."

ब्लॉक म्हणजे इंजिनचं अंग, ज्यात सिलेंडरची भोकं असतात, स्लीव्ह म्हणजे त्या भोकात आतनं बसवायचं वेगळं लोखंडी नळकांडं, आणि तीनशे म्हणजे तीनशे हॉर्सपॉवर. म्हणलं भावा, आधी मोडलंय काय आणि का ते बघू, मग टाकायचं काय ते बघू.

हे प्रकरण लिहायला घेतलं कारण हा प्रश्न मला महिन्यातनं दोनदा तरी कोण ना कोण विचारतंय, आणि प्रत्येकाला आकडा पाहिजे असतो, म्हणजे किती पॉवरच्या वर स्लीव्ह लागते. ह्या गाडीत आम्ही जे मोजलं आणि ज्या क्रमानं मोजलं त्यावरनं कळेल की त्या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर का देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलेंडर किती दाब धरतोय ते मोजलं. एक नंबर १५० पीएसआय, दोन १४५, चार १५०, आणि तीन नंबरला ५५. लीकडाऊनला, म्हणजे सिलेंडरमध्ये हवा भरून गळती बघितली तेव्हा, तीनची हवा रेडिएटरच्या तोंडातनं बुडबुडे काढत होती. म्हणजे हेड गॅस्केट तरी गेलंय नाहीतर भिंत तरी फुटलीय. हेड उचललं तर गॅस्केटची तीन नंबरची रिंग एका बाजूला दबलेली दिसली, पण मला खटकला तो प्लग. तीन नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिठाच्या कणासारखे बारीक चकाकणारे ठिपके होते. ते ठिपके म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. नॉकिंगनं, म्हणजे पेट्रोल वेळेआधी आपोआप भडकून बसणाऱ्या ठोक्यांनी, पिस्टनच्या माथ्यावरनं उडून प्लगवर चिकटलेलं. पिस्टन बाहेर काढला तर वरच्या दोन रिंगांमधली कड तुटलेली. बाकीचे तीन पिस्टन धुऊन परत घालण्यासारखे.

मग बोअर, म्हणजे सिलेंडरचं भोक. नुसत्या डोळ्यांना एक उभी रेघ दिसत होती, पण रेघ आहे का तडा आहे ते कळंना. तर हे पोरगंच कामावरनं येताना तडा दाखवणाऱ्या डाय पेनिट्रंट रंगाचे तीन डबे घेऊन आलं, रोज कास्टिंगवर हेच करतंय ते. बोअर स्वच्छ पुसला, लाल रंग मारला, दहा मिनिटं थांबलो, पुसून घेतला आणि पांढरा डेव्हलपर फवारला. पहिल्यांदा काहीच नाही. मग त्या पांढऱ्या पावडरीतनं हळूहळू एक लाल धागा वर यायला लागला, डेकपासनं, म्हणजे ब्लॉकच्या वरच्या सपाट तोंडापासनं, खाली साधारण ४० मिलिमीटर, पिस्टन ज्या बाजूला रेटतो बरोबर त्याच बाजूला. आणि वर येऊन तो धागा लोखंडाच्या कडेला थांबला नव्हता, ॲल्युमिनियममध्ये शिरून दोन आणि तीन नंबरच्या मधल्या पुलाकडं वळला होता. पोरगं काही बोललंच नाही बराच वेळ.

आता हा ब्लॉक कसा आहे ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. होंडाच्या डी-सिरीजचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, त्यात ओततानाच पातळ लोखंडी लायनर, म्हणजे कंपनीच्याच स्लीव्ह, बसवलेले, बोअर ७५ आणि स्ट्रोक ८४.५. आणि ओपन डेक, म्हणजे वरनं बघितलं तर चार सिलेंडर एकमेकाला चिकटून उभे आणि भोवती सगळीकडं पाण्याची खंदक, वरच्या टोकाला बाहेरच्या भिंतीशी जोडच नाही. पाणी छान फिरतं, कंपनीच्या पॉवरला काही अडचण नाही, पण टर्बो लावून दाब वाढवला की सिलेंडरचं डोकं हलायला जागा आहे. डोकं हललं की गॅस्केट आधी जातं आणि मग कधीतरी लायनर. उलट ऑक्टाव्हिया आरएसच्या १.८ टर्बोचा ब्लॉक सरळ बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तिथं हा प्रश्न इतक्या लवकर येत नाही, बोअर करून पुढचा पिस्टन टाकायला भिंत असते, फक्त अल्ट्रासोनिकनं जाडी बघून घ्यायची. ओपन डेकला निदान एवढं बरं की लायनरची जाडी वरनंच दिसते, ॲल्युमिनियमच्या चकाकीत लोखंडाची काळपट रिंग, व्हर्नियर लावायचा. ह्या ब्लॉकला ती जेमतेम ३ मिलिमीटर.

पोराला कागदावर हिशोब करून दाखवला. ७५ च्या बोअरचं क्षेत्रफळ ४४ चौरस सेंटीमीटर. अशा टर्बो इंजिनात जळतानाचा सर्वात मोठा दाब १०० बारपर्यंत सहज जातो. म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर साडेचार टन, भरलेल्या उसाच्या बैलगाडीच्या वर, एका तळहाताएवढ्या जागेत. आणि तोच दाब भिंतीला बाहेर ढकलतोय. ३ मिलिमीटरच्या लोखंडावर मागं ॲल्युमिनियमचा आधार काहीच नाही असं धरलं तर ताण येतो १२५ मेगापास्कल. "तुमच्याकडं एफजी २६० ओतता न्हवं?" म्हणलं, साध्या बिडाची ती ग्रेड. "व्हय." "मग साध्या बिडाला २६० धरलं तरी निम्म्याच्या जवळ आलं, आणि हे एकदा न्हाय, ७००० आरपीएमला मिनिटाला साडेतीन हजार वेळा." त्यात नॉकिंग झालं की ह्या आकड्यावर टोकं चढतात, हातोड्यासारखी. त्यानं लगेच म्हणलं, "मग एसजी ५००/७ ची स्लीव्ह घातली तर डबल ताकद." बरोबर आहे. मोठ्या पॉवरच्या स्लीव्ह डक्टाइल आयर्नच्या, म्हणजे ह्याच एसजीच्या, करतात त्या ह्याचसाठी, एसजी फुटायच्या आधी थोडी ताणते, बीड ताणत नाही, सरळ तडकतं. मुद्दा स्लीव्ह भारी का साधी हा नव्हताच. मुद्दा होता की हा लायनर पॉवरनं फुटला का दुसऱ्या कशानं.

त्यासाठी इंजिन बाजूला ठेवलं आणि तीन दिवस फक्त पेट्रोलच्या मागं लागलो. पंप सुटा चालवला तर प्रवाह नसताना प्रेशर ठीक, प्रवाह वाढवला की पडतंय. फिल्टर ग्राइंडरनं कापला, आत तपकिरी चिखल. गाडी वीस वर्षांच्या वरची, टाकीत एवढ्या वर्षांचा थर बसलेला, आणि पेट्रोलमधलं इथेनॉल वाढलं की असला थर सुटतो. इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत होतं, त्याच्यावर राग नाही माझा, उलट नॉकिंगला ते चांगलं, ऑक्टेन वाढतं. पण साध्या पेट्रोलला एका किलोला १४.७ किलो हवा लागते तिथं ई२० ला, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला, साधारण साडेतेरा, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त घालायला लागतं. ह्या गाडीचा मॅप, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं त्याचा कॉम्प्युटरमधला तक्ता, तीन वर्षांमागचा, त्यावेळच्या पेट्रोलवर केलेला, फुल थ्रॉटलला सेन्सरचं न ऐकता ठरलेलं तेवढंच पेट्रोल सोडणारा. आणि वर इंजेक्टर बेंचवर लावले तर तीन नंबरचा बाकीच्यांपेक्षा ८ टक्के कमी टाकतोय. चोंदलेला फिल्टर, जुना मॅप, अर्धवट तुंबलेला इंजेक्टर, आणि वर लांबलचक चढ. तीन नंबरला जाळ कोरडा पडला, नॉकिंग झालं, कड तुटली, लायनर तडकला. १८० पॉवर ह्या ब्लॉकला जड नव्हती. स्लीव्ह टाकून, एसजीची टाकून, हाच फिल्टर ठेवून तो घाट परत चढला असता तर लायनर वाचला असता आणि पिस्टनला भोक पडलं असतं.

हे त्याला पटलं. पण तीनशे काही डोक्यातनं जाईना, आणि ते पण बरोबरच आहे, इच्छा असल्याशिवाय कोण टर्बो लावतंय.

मग आम्ही दोघं ब्लॉक घेऊन कोल्हापुरातल्या उद्यमनगरात गेलो, ज्या मेस्त्रींकडं मी बोअरिंग करतो त्यांच्याकडं. चाळीस वर्षं बोअरिंग बारवर हात असलेला माणूस. त्यांनी तड्यावरनं नख फिरवलं आणि म्हणाले, "लायनर घालायचं काय, ट्रॅक्टरला रोज घालतोय. पर त्यो ओला लायनर, मागनं थेट पाणी लागणारा, बीडाच्या ब्लॉकात. हे ॲल्युमिनियम हाय. ह्यात लायनर बसतोय बी गरमानं आणि सुटतोय बी गरमानं."

एवढ्या एका वाक्यात सगळं आहे. ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट फुलतं, २३ आणि ११ असे आकडे आहेत, एका अंशाला मीटरमागं मायक्रॉनमध्ये. ८१ मिलिमीटर व्यासाची स्लीव्ह धरा. गार असताना ३० अंश, चालताना ११०, फरक ८० अंश, तेवढ्यात ब्लॉकचं भोक स्लीव्हपेक्षा साधारण ०.०८ मिलिमीटर जास्त मोठं होतं. स्लीव्ह स्वतः जास्त तापते म्हणून त्यातलं काही भरून निघतं, पण गार असताना तुम्ही ०.०३ ची पकड देऊन प्रेसनं दाबून बसवली असेल तर गरम झाल्यावर पकड राहिलीच नाही. मग स्लीव्ह खाली बसते नाहीतर गॅस्केटखाली नाचते. हे मी वाचून सांगत नाही. काही वर्षांमागं एका एस्टीमच्या ब्लॉकला मी बाहेर एका ठिकाणी स्लीव्ह टाकून आणल्या, तो ब्लॉक पण ॲल्युमिनियमचा. त्यांनी गारच दाबल्या, आणि मी किती पकड ठेवली ते विचारलं नाही, ती माझी चूक. चार महिन्यांत दोनदा गॅस्केट गेलं, तिसऱ्यांदा डेकवर डायल लावला तर दोन नंबरची स्लीव्ह ०.०६ खाली गेलेली. त्या गाडीवाल्याचे पैसे मी परत दिले, पण त्याचा सीझन गेला तो गेलाच. बरोबर पद्धत म्हणजे ब्लॉक भट्टीत १५० पर्यंत तापवायचा, भोक ०.२२ नं मोठं होतं, स्लीव्ह गार करायची, मग ती हातानं सोडली तरी खाली पायरीवर टक्क करून बसते, आणि ब्लॉक गार होईपर्यंत वरनं दाबून धरायची.

ह्या ब्लॉकला मात्र ते पण करता येत नव्हतं. तडा पुलात गेलेला, दोन बोअरच्या मधला तो पूल बोटाच्या पेराएवढा पण रुंद नाही, आणि जाड स्लीव्हसाठी भोक मोठं केलं की त्यातलंच ॲल्युमिनियम जाणार. फुटक्या भिंतीत स्लीव्ह कुणाला धरून राहणार? अमेरिकेत डार्टनसारख्या कंपन्या ह्याच्यावर वेगळा मार्ग काढतात, सिलेंडरचा सगळा ॲल्युमिनियम भागच कापून काढायचा आणि वरनं रुंद कॉलर असलेल्या स्लीव्ह बसवायच्या, त्या कॉलर एकमेकाला टेकून डेक बंद होतो. खरी मोठी पॉवर काढायची तर तोच रस्ता, त्यात मला शंका नाही. पण त्याला सीएनसीवर चारी भोकं एका रेषेत आणि खालच्या पायरीची खोली मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात सारखी पाहिजे, ब्लॉक परत सरळ करायला पाहिजे, आणि सेट, शिपिंग, ड्युटी धरली तर त्या पैशात ह्याच गाडीची तीन-चार जुनी इंजिनं येतात.

पोराचा तिसरा पर्याय होता फौंड्रीतच स्लीव्ह ओतायचा. कोल्हापुरात हे सुचणारच, इथं ब्लॉक आणि हेड ओतणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. मी त्याला एकच विचारलं, सेंट्रीफ्यूगल, म्हणजे साचा गरगर फिरवून ओतायचं, आहे का तुमच्यात? नाही. साच्यात ओतलेल्या गोळ्यातनं स्लीव्ह टर्न केली तर भिंतीच्या मधोमध आकुंचनाची पोकळी कुठं राहिली ते कळत नाही, गोल फिरवून ओतली की धातू दाबानं बाहेर जातो आणि हलका कचरा आतल्या पृष्ठाला येतो, तो टर्निंगमध्ये निघून जातो. त्यानं स्वतःच मान हलवली, रिजेक्शनचे तुकडे रोज त्याच्याच टेबलावर कापले जातात.

राहिला प्रश्न तीनशेचा. ह्यावर आमची दोन संध्याकाळ चर्चा झाली, एकदा त्याचे वडील पण येऊन बसले आणि म्हणाले, "इकून टाका म्हणतोय मी ती गाडी." त्यांना चहा दिला. ब्लॉकला हॉर्सपॉवर कळत नाही, त्याला दाब कळतो, आणि दाब म्हणजे टॉर्क, इंजिनचा पिळायचा जोर. तीनशे पॉवर ७५०० आरपीएमला काढली तर टॉर्क लागतो २८.६ किलोग्रॅम-मीटर. तीच तीनशे ५००० ला काढली तर ४३. पॉवर तीच, पण दुसऱ्या केसमध्ये प्रत्येक ठोक्याला भिंतीवर दीडपट मार. म्हणून "तीनशेला स्लीव्ह लागते का" ह्याला उत्तर नाही, छोटा टर्बो लावून खालनंच बूस्ट ओतणारा माणूस २२० लाच लायनर फोडेल आणि मोठा टर्बो लावून वर पळवणारा बराच पुढं जाईल. मी त्याला विचारलं तू गाडी चालवतोस कुठं? वर्षातनं दोन ड्रॅग इव्हेंट, बाकी बेळगाव, पुणे, आणि रोज शिरोली. म्हणजे हायवेवर चढाला चौथ्या-पाचव्या गिअरात दाबणं, जिथं आरपीएम कमी आणि लोड लांबलचक. ब्लॉकला सगळ्यात वाईट तेच.

मी जे ठरवलं ते असं. हा ब्लॉक गेला. दुसरा साधा, न तापलेला ब्लॉक शोधायचा, स्लीव्ह टाकायची नाही, टार्गेट २२० च्या आसपास आणि टॉर्कला लगाम घालायचा. आणि त्याला खरोखर तीनशेच पाहिजे असतील तर अर्धवट काही करायचं नाही, पैसे साठवून कॉलरवाली स्लीव्ह, तीही चांगल्या ब्लॉकात, तोपर्यंत थांबायचं. मधला स्वस्त रस्ता म्हणजे साधी सुकी स्लीव्ह आणि वर ब्लॉक गार्ड ठोकायचा, तो मी नाही करून देणार म्हणून सांगितलं. गार्ड म्हणजे खंदकाच्या तोंडाशी दाबून बसवलेली लोखंडी पट्टी, ती सिलेंडर धरते हे खरं, पण जिथं सगळ्यात जास्त उष्णता तिथलंच पाणी अडवते आणि घट्ट बसली तर बोअर वाकडा करते. काही जणांच्या चालल्यात, माझा विश्वास नाही.

तीनशे नाही म्हणल्यावर दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी इचलकरंजीवरनं फोटो पाठवला, अपघातात पुढनं गेलेली सिटी, इंजिन शाबूत. तो ब्लॉक आणला, रंग मारून चारी बोअर तपासले, डेकवर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, फिरवला, ०.०४ मिलिमीटरचा शिरत होता, हलकं सरफेसिंग केलं. बोअर ७५.५ ला घेतला कारण फोर्ज्ड पिस्टन त्या साइजला मिळतात, भिंत एका बाजूनं पाव मिलिमीटरनं कमी झाली, तेवढी चालेल म्हणलं.

एका गोष्टीवर मात्र मी हटून बसलो. टॉर्क प्लेट. हेडचे बोल्ट कसले की ओपन डेकचा बोअर वाकतो, मोकळा असताना गोल होन केलेला, म्हणजे दगडानं घासून शेवटच्या मापाला आणलेला, बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही. म्हणून हेडच्या जागी जाड प्लेट कसून होन करायचं. मेस्त्रींनी शेजारच्या शॉपमधनं ४० मिलिमीटरची प्लेट दोन दिवसांत करून घेतली, चार भोकं आणि दहा बोल्ट, जुनं गॅस्केट मधे घालून पूर्ण टॉर्कला कसली आणि बोअर गेज आत सोडला. मोकळा असताना गोल दाखवणारा बोअर डेकखाली वीस मिलिमीटरवर ०.०२ नं अंडाकृती. तिसऱ्या बोअरला काटा जाताना एका बाजूला झुकला आणि गेज चतकोर फिरवल्यावर दुसऱ्या बाजूला, पोरगं गेज सोडायलाच तयार नव्हतं, चारी बोअर त्यानं स्वतः मोजले आणि वहीत लिहिले. मग प्लेट कसलेलीच ठेवून होनिंग. हे काम कोल्हापुरात दोन दिवसांत होतं ही ह्या गावाची खरी ताकद आहे, मोठ्या शहरात ह्यासाठी महिना सांगतात.

टाकी काढून धुतली, नवा पंप, नवा फिल्टर, चार इंजेक्टर जुळवून घेतले, नॉक सेन्सर लावला, पेट्रोल प्रेशर पडलं की बूस्ट तोडणारा कट टाकला. मॅप आताच्या पेट्रोलवर परत केला, ४५०० पर्यंत ०.६ बार आणि मग हळूहळू ५५०० ला १.१. डायनोवर चाकावर २१६ निघाले, खालचा टॉर्क आधीपेक्षा कमी आणि वरनं गाडी पळते.

जुना ब्लॉक पोरानं फौंड्रीत नेऊन बँडसॉवर तीन नंबरमधनं उभा कापला आणि पॉलिश करून तुकडा मला दाखवायला आणला. लोखंडाची पातळ भिंत, मागं ॲल्युमिनियम, मधे बारीक काळी रेघ, आणि एका ठिकाणी ती रेघ केसाएवढी उघडी. म्हणजे लायनर तडकायच्या आधी किंवा बरोबरच पाठीमागचं ॲल्युमिनियम त्याला सोडून गेलं होतं. १२५ चा आकडा मी काढला होता तो आधार नाही असं धरून, सगळ्यात वाईट म्हणून. तुकडा बघितल्यावर कळलं की त्या जागी खरोखरच आधार नव्हता. नवीन ब्लॉकला पण हे होऊ शकतं, म्हणून त्याला सांगितलं की आठ हजार किलोमीटरला हेड उचलायचं, काही त्रास नसला तरी.

मागच्या महिन्यात उचललं. चारी प्लग स्वच्छ, ठिपका नाही. गॅस्केटच्या रिंगांचा ठसा सगळीकडं सारखा. तीच प्लेट परत कसली आणि त्यानंच गेज घातला, वहीतलं पान उघडून शेजारी ठेवलं. तीन नंबर, डेकखाली वीस मिलिमीटर, दोन्ही दिशांना मिळून फरक मिलिमीटरचा एक शतांश. रंग मारला, डेव्हलपर फवारला आणि दोघं अर्धा तास बघत बसलो, पांढरं ते पांढरंच राहिलं. स्लीव्हच्या सेटसाठी त्याचं पैसे साठवणं चालू आहे, आणि इचलकरंजीवरनंच अजून एक ब्लॉक आणून त्यानं घरी पोत्यात गुंडाळून ठेवलाय.